मोहरील साहेबांची शेवटची लेव्हल

आमच्या स्टुडिओत राक्षस मारायचा असला, तरी आधी नोटशीट चालवावी लागते. कोणता राक्षस, कोणत्या लेव्हलला, मारण्याचं कारण काय, आणि मेल्यावर त्याच्या गुहेचं काय करायचं, हे सगळं लिहून खाली 'अवलोकनार्थ सादर' घालायचं आणि कागद मोहरील साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. साहेब तीन फुटांवरच बसलेले असतात. आपण लिहीत असतो तेव्हा आपल्याकडे बघतही असतात. पण तोंडी सांगायला गेलं की हात वर करतात. "तोंडी चालत नाही, बाप्पा."

स्टुडिओचं नाव 'सादर गेम्स'. पत्ता भोपाळातली अवधपुरी, साहेबांच्या घराचा वरचा मजला. माणसं तीन: साहेब मालक, झुबेर प्रोग्रामर, आणि चित्रं काढणारी मी. साहेबांचं घराणं मूळ नागपूरचं. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा त्यांचे आजोबा फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर इकडे आले, आणि पुढे घरातल्या कोणीही फाईल सोडली नाही. साहेबांनीही एका सरकारी कार्यालयात सत्तावीस वर्षं बाबूगिरी केली. मग एके दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि व्हिडिओ गेम बनवायला बसले. का, ते कोणाला सांगितलं नाही. नातेवाईक अजूनही त्यांच्या तब्येतीची चौकशी दबक्या आवाजात करतात.

गेम बनवणं ते नेटवरचे व्हिडिओ बघून शिकले. प्रत्येक व्हिडिओला आवक क्रमांक दिला. अशी तीन रजिस्टरं भरल्यावर पहिला गेम निघाला. त्यात तलवारवाला राजपुत्र होता, राक्षस होता, कैदेतली राजकन्या होती. फक्त राक्षस दीड ते अडीच जेवायला जायचा, आणि तेवढ्या वेळात तलवार चालत नसे.

"साहेब, खेळणारा एक तास काय करणार?" मी विचारलं.

"बसंल ना बाकावर. म्हणून तर बाक ठेवला."

तो गेम एकूण अकरा जणांनी खेळला. त्यात आम्ही तिघंही आलो.

मग झुबेर वैतागून म्हणाला, "अमां साहेब, जो आपको आता है वोई बनाओ न, खां!" साहेबांनी त्याला ते लिहून द्यायला सांगितलं. त्याने दिलं. आठ दिवसांनी त्यावर 'मान्य' असा शेरा पडला, आणि आमचा दुसरा गेम सुरू झाला.

या गेममध्ये तुम्ही एक बाबू असता. हातात बदलीच्या अर्जाची एक नस्ती, म्हणजे फाईल, असते. ती एका भल्यामोठ्या इमारतीत टेबलामागून टेबल फिरवून सहीपर्यंत न्यायची, एवढंच. पण एका टेबलाचा शिक्का कपाटात असतो, कपाटाची किल्ली रजेवर असते, आणि सहीच्या दारापाशी पोहोचावं तर सही करणारे साहेब कालच बदललेले असतात. चुकीच्या टेबलावर गेलात की पुन्हा तळमजल्यावर आवक खिडकी. पहिल्या काही लेव्हल्स आम्ही नेटवर टाकल्या. परदेशातल्या एका वेबसाइटने त्या उचलल्या आणि भयकथांच्या यादीत घातल्या. एकाने लिहिलं, की कॉरिडॉरच्या टोकाचा तो पंखा दिसला की अजून घाम फुटतो. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "काहून? पंखा तर चालू हाये," म्हणाले.

बघता बघता हजारो लोक खेळायला लागले, आणि सगळे एकच विचारायला लागले: सही होते का? शेवटची लेव्हल कधी येणार?

शेवटची लेव्हल तयार नव्हती. मी नोटशीटमागून नोटशीट टाकली. सही होते असं दाखवू या, नाही होत असं दाखवू या, इमारतीला आग लागते असंही एकदा सुचवलं. सगळ्यांवर एकच शेरा: 'विचाराधीन.' चार महिने गेले. झुबेरला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. दिवाळीपर्यंत गेम निघाला तर थांबतो, नाहीतर जातो, असं त्याने लेखी दिलं. साहेबांनी त्यालाही आवक क्रमांक दिला. झुबेर गेला की स्टुडिओ बंद, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मला तर रडूच यायला लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी काढलेलं काहीतरी लोक बघत होते.

एका दुपारी मी सरळ त्यांच्या समोर जाऊन बसले. हातात कागद नव्हता. "साहेब, तोंडीच विचारते. काय अडलंय?"

त्यांनी हात वर केला नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती नस्ती खरी हाये," ते म्हणाले.

वझलवार नावाच्या शिक्षिका होत्या. नेमणूक दूर झाबुआकडच्या गावात, आणि आई इकडे करोंदला एकटी, आजारी. बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आला. एका दाखल्याच्या दुसऱ्या पानावर साक्षांकन नव्हतं. साहेबांनी हरकत घेऊन परत पाठवला. तो पुन्हा आला तेव्हा तारखेवर शाई पसरली होती. पुन्हा परत. दोन्ही हरकती नियमात बसणाऱ्या होत्या. बदलीचा आदेश निघाला तेव्हा आई जाऊन नऊ दिवस झाले होते.

"आदेश घ्यायले स्वतः आल्या. मले वाटलं, शिव्या देतील. त्या 'थँक यू' म्हणाल्या, आन् पावतीवर सही करून गेल्या." साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आता शेवटी काय दाखवू? सही झाली दाखवली तर खोटं होते. नाही झाली दाखवली तर मी पुन्हा तेच करून राहिलो."

मी म्हटलं, "त्यांनाच विचारू या ना."

वझलवार मॅडम आता भोपाळातच, एका शाळेत शिकवतात. त्यांची गोष्ट गेममध्ये दाखवायची परवानगी मागणारा रीतसर अर्ज साहेबांनी लिहिला, दोन प्रतींत. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षकांच्या खोलीबाहेर उभे राहिलो. साहेबांनी सत्तावीस वर्षं लोकांना दाराबाहेर उभं केलं होतं; स्वतः उभं कसं राहायचं ते त्यांना येत नव्हतं. हातांचं काय करावं, हेच कळेना.

मॅडमनी त्यांना लगेच ओळखलं. अर्ज वाचला, घडी घातली, आणि मी लॅपटॉपवर शेवटच्या लेव्हलचा कच्चा नमुना लावला. सही होते. मुलगी बसमधून उतरते, गल्लीतून घरापर्यंत येते. दार वाजवते. आई हळूच दार उघडते.

मॅडमनी नमुना शेवटपर्यंत बघितला. साहेब मान खाली घालून उभे होते. नकार आला असता तर त्यांनी त्याच संध्याकाळी स्टुडिओला कुलूप लावलं असतं, मला खात्री आहे.

"हे चुकलंय," मॅडम म्हणाल्या.

"हो," साहेब म्हणाले.

"आई अशी दार उघडायला यायची नाही. गुडघे दुखायचे तिचे. आमचं दार दिवसभर लोटलेलंच असायचं. ती आतूनच ओरडायची."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, पण लिहिलं काहीच नाही. "तुम्ही ओरडाल का?" त्यांनी विचारलं. "गेममध्ये. त्यांच्यासारखं."

रविवारी मॅडम अवधपुरीला आल्या. पंख्याचा आवाज नको म्हणून झुबेरने त्यांना आतल्या खोलीत गाद्यांच्या मध्ये बसवलं, समोर माईक ठेवला, आणि दार लोटून घेतलं. आम्ही तिघं बाहेर थांबलो. मग एका म्हाताऱ्या, खणखणीत बाईचा आवाज आला:

"उघडंच आहे गं! ये ना आत, किती उशीर केलास!"

झुबेर खिडकीकडे वळला. आणि मोहरील साहेब त्या लोटलेल्या दारापाशी गेले, खाली वाकले आणि पायातल्या चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या.