वकील गावातच हवेत

सदतीस सालची असेंब्लीची निवडणूक पंधरवड्यावर आली असताना, आपला सर्वांत जुना पक्षकार आपल्याला मत देणार नाही, ही बातमी लीलाधर वकिलांना सकाळच्या चहाबरोबर मिळाली.

"ओट्यावर सुपडूआबा बसलेत," त्यांच्या पत्नी झुंबरबाई म्हणाल्या. "पाणी प्याले, मुलांची चौकशी केली आणि म्हणाले, मत मोतीलाल वकिलांना."

मोतीलाल वकील धुळ्याच्या कोर्टात रोज त्यांच्यासमोर उभे राहत. आता निवडणुकीतही तेच समोर होते. लीलाधर वकील कप तसाच ठेवून बाहेर आले.

सुपडूआबा पांझरेकाठच्या नांदखेड्याचे. बंधाऱ्याचं पाणी आधी वरच्या फडाला, म्हणजे वरच्या शेतांच्या गटाला, की खालच्या, यावर त्या गावाचा खटला नऊ वर्षं चालला होता. वरच्या फडातर्फे आबा, खालच्या फडातर्फे वना पाटील. आबांच्या बाजूने लीलाधर वकील जिंकत आणि वनाभाऊंच्या बाजूने मोतीलाल वकील अपील करत.

"आबा, माझं काय चुकलं?"

"तुमनं काहीच चुकनं नही. पन तुम्ही मुंबईले गयात ते आमना खटला कोन लढी?"

"अहो, मी तिथे पाण्याचा कायदाच करणार आहे."

"कायदा मुंबईले व्हई. पानी आठे शे."

कोर्टात कुणी असं बोललं असतं तर वकिलांनी हरकत घेतली असती. ओट्यावर त्यांनी आबांसाठी चहा मागवला.

दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात वनाभाऊंनी त्यांना गाठलं आणि हातात नारळ दिला. "खालना फडनी बठ्ठी मतं तुमले, भाऊ. गाड्या जुंपीसन मानसं आनसू."

वकिलांनी नारळ कपाळाला लावला. वनाभाऊ गेल्यावर ते आपल्या कारकुनाला म्हणाले, "पाहिलंत इसाकभाई? हरलेल्यालाही न्याय पटतो."

इसाकभाईंनी कागदांचा बस्ता बांधत वर पाहिलं. "साहेब, नऊ वर्षं तुम्ही त्यांना हरवलंय. तुम्ही मुंबईला गेलात की पुढच्या अपिलात त्यांच्यासमोर कोण उरतं?"

"म्हणजे ते मला निवडून देत नाहीयेत?"

"देतायत की. वाटेतून दूर व्हावं म्हणून देतायत."

वकिलांना हे लागलं. त्याच संध्याकाळी टांगा करून ते नांदखेड्याला गेले आणि वरच्या फडाला शब्द दिला: निवडून आलो तरी तुमच्या प्रत्येक तारखेला धुळ्यात हजर राहीन. वरचा फड खूश झाला. सकाळी वनाभाऊ दारात.

"मंग तुमले धाडीसन आमले काय फायदा?" असं विचारून त्यांनी गाड्या रद्द केल्या.

"त्यांनाही शब्द द्या," इसाकभाईंनी सुचवलं. "तारखेला येणार नाही म्हणून."

"दोघांना दोन शब्द? मी आधी वकील आहे, इसाकभाई. उमेदवार नंतर."

झुंबरबाई आतून म्हणाल्या, "अहो, मग खटलाच मिटवा ना. म्हणजे वरच्यांना तुम्ही इथेच हवेत असं नाही आणि खालच्यांना तुमची अडचणही नाही."

याच खटल्यावर घरातली चूल पेटत होती, हे झुंबरबाईंनाही ठाऊक होतं. वकिलांनी टोपी घातली.

दोन्ही फडांना त्यांनी बंधाऱ्यावर समोरासमोर बसवलं. पहिल्या दिवशी नुसतं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी भांडणात भाकरीची सोय झाली. तिसऱ्या दिवशी, बोलून बोलून सगळ्यांचे घसे बसल्यावर, एक वर्ष वरच्या फडाला आधी पाणी, एक वर्ष खालच्या, असं ठरलं. मग तिथेच कापसाच्या काड्यांवर वांगी भाजून सगळ्यांनी भरीत खाल्लं. वकील निश्चिंत मनाने घरी आले.

निकाल लागला. वकील पडले, आणि पडले तेही इतक्या थोड्या मतांनी, की एकट्या नांदखेड्याने त्यांना तारलं असतं.

दुसऱ्या दिवशी आबा आणि वनाभाऊ एकाच बैलगाडीतून आले.

"मत कुणाला दिलंत?" वकिलांनी विचारलं.

"मोतीलालभाऊले," दोघांनी सांगितलं. चेहऱ्यावर काही विशेष घडल्याचं दिसत नव्हतं.

"का?"

"नऊ वरीसना खटला तुम्ही तीन दिनमा मिटाडा," वनाभाऊ म्हणाले. "असा मानूस कोनी मुंबईले धाडी का?"

"तारखा वाढावनारा मुंबईले गया, बरं व्हयनं," आबा म्हणाले. "आते भाऊ, आमना बांधना एक वाद शे."

 वकिलांनी आतल्या दिशेने आवाज दिला, "माझे जोडे कुठे आहेत?"

बांधाचा वाद मिटला. मग वाटणीचा, मग विहिरीचा. जर्मनीची लढाई सुरू झाली, संपली, तरी वकील गावोगाव बसून भांडणं मिटवतच राहिले. ज्या झाडाखाली दोन्ही बाजू बसतील ते त्यांचं कोर्ट. झुंबरबाईंनी घरखर्च आखडला, पण एका शब्दाने त्यांना अडवलं नाही. खऱ्या कोर्टात ते इतके क्वचित दिसू लागले, की एकदा नव्या पट्टेवाल्याने त्यांना, "कुणाकडे काम आहे, बाबा?" असं विचारलं.

सेहेचाळीस साली पुन्हा निवडणूक आली. वकील पुन्हा उभे राहिले. या खेपेला नांदखेड्याची सगळी मतं त्यांना पडली आणि ते निवडून आले.

आभार मानायला ते गावात गेले. आबा आता काठी घेऊन चालत. वकिलांनी त्यांचे हात हातात घेतले.

"आबा, यंदा गावाने मला मानलं."

आबांनी वनाभाऊंकडे पाहिलं. वनाभाऊंनी मान हलवली.

"आते गावमा एक बी भांडन उरनं नही, भाऊ," आबा म्हणाले. "आठे तुमनं काय काम शे? जा मुंबईले."