करंगळीच्या नखाची हकीकत

श्री एकाक्ष देव साक्ष असो. हिमशक तीनशे बारा, मासे परतण्याचा महिना. महाराजांची आज्ञा जाहली की, राक्षसांचे जहाज यंदा का निघाले नाही, ते पाहिलेल्या माणसाने लिहावे. पाहिलेला मी एकटा, सरकारचा नावाडी, सबब घडले तसे लिहितो.

आपल्या राज्याची चाल अशी की, माणूस मेला म्हणजे होडीत घालण्यापूर्वी घरच्याने त्याची वीसही नखे कापावी, कारण राक्षस मेलेल्यांच्या नखांचे जहाज बांधतात आणि ते पुरे होईल त्या दिवशी राज्य बुडेल. माझे कुटुंब सिग्नी जाळी सांधीत असे आणि गाठी सोडविण्यास उजव्या करंगळीचे नख राखीत असे. ती तापाने गेली, तेव्हा एकोणीस नखे कापली आणि विसावे कापवेना. तिथेही गाठी सोडाव्या लागतील असे मनात आले आणि होडी तशीच लोटली. तिसरे दिवशी देवळातली भविष्य पाहणारी म्हातारी ओरडत आली, "अरे करंट्या, जहाजाला एकच नख कमी होते!" मग मी कातर घेतली आणि पाच कुत्र्यांची गाडी जुंपून बर्फावरून सुटलो, आणि मागे बैलाएवढा लांडगा लागला. त्यास शिदोरी टाकली, मग हातमोजे टाकले, मग तीन कुत्री त्याने नेली, आणि उरल्या दोघांनी मला जिवंतांच्या व मृतांच्या मुलखांमधला पूल ओलांडून मृतांच्या किनाऱ्यास पोचविले. तिथली रीत अशी की, राक्षसांचा हात मेलेल्यास लागत नाही; पण मेलेल्यास घर आठवत नाही, म्हणून मागेल त्यास मागेल ते देतो. सिग्नी हात पुढे करून जहाजाकडे चालली होती. मी नाव घेऊन हाक मारली आणि ती वळली.

"आलात? आणि उघड्या हातांनी? मोजे कुठे?"

"लांडग्यास दिले."

"मी विणलेले लांडग्यास दिले!" म्हणून हसली. मी कातर काढली.

राक्षसांचा सुतार ओरडला, "ए बाई, आण ते नख!"

तिने जहाजाचे दोर न्याहाळले आणि म्हणाली, "थांबा हो. यांना गाठ मारता येत नाही." मग वर चढली आणि पहिल्या गाठीत नख घातले, आणि दोर सुटला, आणि अर्धे जहाज नखानखाने समुद्रात सांडले, आणि राक्षस वेचावयास धावले.

मी म्हणालो, "आता घरी चल. पूल मोकळा आहे."

"मी गेले की हे पुन्हा बांधतील. तुम्ही निघा, बोटे गारठतील. रोज हाक मारीत जा, म्हणजे मला आठवेल."

इतक्यात राक्षस माझ्यावर धावले आणि तिने मला गाडीत लोटले. पुलावरून पाहिले तो ती दुसऱ्या दोरापाशी मान वाकवून बसली होती, घरच्या उंबऱ्यावर बसे तशी.

एकूण मजकूर इतका की, ते बांधतात आणि ती सोडते, म्हणून राज्य आहे. मी रोज किनाऱ्यावर हाक मारतो. उत्तर येत नाही. महाराजांनी बक्षीस विचारिले, तर एकच मागणे. मी उजव्या करंगळीचे नख राखले आहे. माझी होडी लोटाल, तेव्हा ते कापू नये. दोर फार आहेत आणि ती एकटी आहे.