स्वामी मॅडमची म्हातारी

"गिराम सर, आपल्या दीपगृहवाल्याला कालपासून ताप आहे हो," स्वामी मॅडम डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाल्या.

मी शाळेत नवा होतो. त्यांच्या घरात कोण कोण आहे मला ठाऊक नव्हतं. नातेवाइकांना लोक वाटेल त्या नावानं हाका मारतात, असेल कुणी म्हणून मी काळजीनं विचारलं, "डॉक्टरला दाखवलं का?"

"तिथं कुठला डॉक्टर? चहूकडं नुसता समुद्र."

आमची मुलींची शाळा ताडकळसच्या रस्त्याला. चहूकडं तूर आणि सोयाबीन. समुद्राचा काही मेळ बसेना. तरी शेजारधर्म म्हणून मी माझ्या पिशवीतली तापाची गोळी काढून दिली. त्यांनी ती घेतली, थँक्यू म्हणाल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, उतरला का ताप? तर म्हणाल्या, "कसा उतरेल? मधेच बेल झाली. उद्या तिसऱ्या तासाला उतरेल."

शेवटी चित्रकलेच्या सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तो दीपगृहवाला नववीच्या इंग्रजीच्या पुस्तकात राहतो.

मी गणिताचा माणूस. माझ्या पुस्तकातला क्ष कधी आजारी पडत नाही, आणि पडला तरी मी स्टाफरूममध्ये त्याचा विषय काढणार नाही. स्वामी मॅडमचं मात्र सगळं गणगोतच पुस्तकात होतं. कुणाची बोट बुडाली, कुणाचं लग्न मोडलं, कुणी दत्तक गेलं, हे सगळं त्या भाजीत मीठ जास्त झाल्याच्या सुरात सांगायच्या. मला आजही कधी कधी कळत नाही की त्या पुस्तकातलं बोलायल्यात की गावातलं. एकदा म्हणाल्या, "तो कंजूष सावकार सुधारला बरं का." मी बाजारात आमच्या ओळखीच्या एका सावकाराला नमस्कार करून त्याचं अभिनंदन केलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

दिसायला किडकिडीत, कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. राहायच्या एकट्याच, किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची गावात कुणाची छाती झाली नाही, कारण त्या उत्तर इंग्रजीत देतील अशी सगळ्यांना धास्ती. वर्गात त्या "समजलं का?" असं कधीच विचारत नसत. धडा संपला की विचारायच्या, "ओळख झाली का?" मुली एका सुरात "हाव मॅडम" म्हणायच्या. ही ओळख नेमकी कुणाची कुणाशी, हे मी भिंतीपलीकडच्या वर्गात फळ्यापाशी उभा राहून कितीदा तरी विचारात पडून ऐकलेलं आहे.

इथवर सगळं ठीक होतं. या जूनमध्ये मात्र त्यांना नवंच खूळ लागलं. पाठ केलेला निबंध त्या तपासेचनात.

आमच्याकडं दहावीचा इंग्रजी निबंध म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. निबंध लिहीत नाहीत, उतरवतात. गाइडातला 'माझी आई' जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या मुलींना पाठ असतो. त्यातली आई पहाटे पाचला उठते, देवपूजा करते, सर्वांवर माया करते आणि कधीही रागावत नाही. स्पेलिंगसकट पाठ असलेली ही आई आजवर कित्येक मुलींना पास करून गेली आहे.

स्वामी मॅडम एकेका मुलीला उभी करून विचारायला लागल्या, "ही आई कुणाची? तुझी का गाइडची?" पोरी गडबडून जायच्या. "घरी जा, आईकडं बघ, मग लिही. चुकीच्या इंग्रजीत लिही, पण तुझीच लिही."

पोरींनी खरंच बघितलं. त्यातल्या प्रतीक्षानं लिहिलं की माझी आई पाचला उठत नाही, मोबाइलचा चार्जर ज्वारीच्या कोठीत लपवते आणि शेजारणीशी नाल्यावरून मोठ्या आवाजात भांडते. पुढं असंही लिहिलं होतं की संध्याकाळी त्याच शेजारणीकडं माझ्या हातानं वाटीभर कालवण पाठवते. पण तिथपर्यंत ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही. मॅडमनी त्या निबंधाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क दिले आणि मोठ्यानं वाचून दाखवला. भांडणापर्यंतचा भाग दुपारच्या आतच गावभर झाला.

प्रतीक्षाची आई गोदावरीबाई हेडसरांच्या खोलीत आली तेव्हा मी तिथंच वेळापत्रक करत बसलो होतो.

"सर, आमची अब्रू आता इंग्रजीत जायलीय! अन् बाई वरून मार्क द्यायल्या! पोरी अशा लिवायल्या तर बोर्डात कोन पास करंल? दहावी काढून घ्या त्यांच्याकडून."

हेडसरांना निकालाची फिकीर होती. शाळेत इंग्रजीला नुकतेच आलेले एक तरुण सर अख्खे निबंध फळ्यावर उतरवून देत. शनिवारी पालकसभा ठरली, आणि तिथं चार पालक बोलले की दहावी त्या सरांकडं द्यायची, हेही जवळपास ठरलं. स्वामी मॅडमना निवृत्तीला हे एकच वर्ष राहिलेलं. दहावी गेली तर शेवटचं वर्ष पाचवीला ए-बी-सी-डी शिकवण्यात जाणार. मी त्यांना जाऊन सांगितलं, "मॅडम, चार निबंध द्या पाठ करायला. काय बिघडतं?"

त्या म्हणाल्या, "सर, पाचला उठणारी ती बाई माझ्यानं आता बघवत नाही."

मला काहीएक कळलं नाही. मी मान हलवली आणि तासाला गेलो.

शुक्रवारी संध्याकाळी हेडसर घाईघाईनं माझ्या दारात. "गिराम, चला. स्वामी मॅडमची आई गेली म्हणं. गाव जमा झालंय. शोभतं का आपण न जाणं?"

किराणा दुकानाखाली चपलांचा हा ढीग. वर खोलीत बाया दाटीवाटीनं बसलेल्या. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून एकीच्या मांडीवर पिठल्याचं पातेलं, दुसरीच्या पदराखाली भाकरी. गोदावरीबाई सगळ्यांत पुढं. भांडण आपल्या जागी, बसायला येणं आपल्या जागी. आम्ही पुरुष दाराबाहेर गच्चीवर टेकलो.

आत मॅडम मधोमध बसल्या होत्या, आणि मला विचाराल तर खुशीत दिसत होत्या. माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

"कसं झालं हो बाई?" एकीनं विचारलं.

"थंडी फार होती," मॅडम रंगात येऊन सांगू लागल्या. "दारापर्यंत बर्फ साचला होता."

बायांनी एकमेकींकडं बघितलं. "बरफ? काश्मीरला व्हत्या का काय?"

"नाही, त्याच्याही पलीकडं. घरात एकटीच होती. चुलीतलं लाकूड संपलेलं. लेकीला निरोप धाडला होता, पण लेकीची गाडी चुकली."

"आई गं!" बायांनी डोळ्याला पदर लावले. गोदावरीबाई हुंदका देऊन म्हणाली, "लेक पोचली का न्हाई मग?"

"पोचली. उशिरा पोचली."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दहावीच्या पुस्तकात एक म्हातारी होती. सकाळी भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज मधेच थांबलेला मी ऐकला होता. धडा वाचताना त्या रडल्या असणार, आणि पोरींनी घरी जाऊन सांगितलं असणार की म्हातारी गेली, मॅडम लय रडल्या. आयांनी सरळ पिठलं टाकलं. आणि इकडं मॅडमचा समज असा की पालक आज धड्याची चौकशी करायला आलेत! इंग्रजीच्या शिक्षिकेला आयुष्यात याहून मोठा सन्मान कुठला?

तेवढ्यात गोदावरीबाईनं पिठल्याचं पातेलं पुढं सरकवलं. "घ्या बाई. दोन घास खावा. आईमागं जाता येतं का कुनाला?"

मॅडमनी पातेल्याकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं.

आता कुणीतरी खुलासा करायला हवा म्हणून मी दारातून म्हणालो, "अहो, ते तसं नाही. ती म्हातारी धड्यातली आहे. दहावीच्या पुस्तकातली."

खोलीत कुजबुज झाली. हेडसर ताडकन उभे राहिले. "धड्यातली? मॅडम, पुस्तकातल्या बाईसाठी गाव रडवलं तुम्ही! उद्या सभेत मी पालकांना काय तोंड दाखवू? यासाठीच म्हणतो, दहावी—"

"मी कुणाला बोलावलं नाही, सर," मॅडम म्हणाल्या. नजर पातेल्यावरच होती. "पण आई गेली, हे खरं आहे. माझी. वैशाखात गेली, तिकडं देगलूरकडं, आमच्या गावी."

गोदावरीबाई सरकून त्यांच्या जवळ बसली.

"मी पेपर तपासायला बसले होते. गठ्ठ्यातल्या प्रत्येक पेपरात एकच आई. पाचला उठायची, कधी रागवायची नाही. मी मार्क देत होते अन् फोन पिशवीत बंद. माझी आई पाचला उठायची नाही हो. तिला दमा होता, पहाटं कुठं डोळा लागायचा. रागीट तर इतकी... मी पोचले तवा सगळं उरकलं होतं. शाळेला सुट्टी, तुमी सगळे आपापल्या गावी. मग जून लागला. आता कुणाला काय सांगायचं, म्हणून तशीच वर्गावर आले."

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच एका खऱ्या माणसाबद्दल ऐकत होतो. जूनच्या पहिल्या दिवशी मी त्यांना "सुट्टी मजेत गेली ना?" असं विचारलं होतं. त्या "हो" म्हणाल्या होत्या.

हेडसर चाचरत म्हणाले, "मॅडम, कळवायचं तरी... बरं, ते दहावीचं आपण उद्या सभेत—"

"सर," गोदावरीबाईनं मागं वळून दरडावलं, "दुखवट्याच्या घरी शाळेचं काढता व्हय? सभेला कोन यायलंय? मी तर न्हाई. तक्रार माझी व्हती, ती मी घेतली माघारी. दहावी बाईकडंच राहू द्या. अन् बसा गप."

हेडसर बसले. मग गोदावरीबाईनं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि पहिला घास मॅडमच्या तोंडापाशी नेला. मॅडमनी तो घेतला आणि मग त्या मोठ्यानं रडायला लागल्या, लहान पोरीसारख्या. इतर बायाही रडल्या. आता कोण कुणासाठी रडतंय, पुस्तकातल्या म्हातारीसाठी, देगलूरकडच्या म्हातारीसाठी का आपापल्या आयांसाठी, ते मला सांगता यायचं नाही. मीही डोळे पुसले, ते कुणासाठी हेही मला ठाऊक नाही.

दिवेलागणीला बाया एकेक करून उठल्या. अशा घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत, नुसतं उठून चालू लागायचं असतं. हेडसर सवयीनं "येतो, मॅ—" म्हणाले आणि गोदावरीबाईच्या नजरेनं अर्ध्यात थांबले.

मी सगळ्यांत शेवटी उतरलो. जिन्यात गोदावरीबाई उभी होती. मला वाटलं चप्पल शोधतेय. पण ती परत वर निघाली होती.

"मावशी, राहिलं का काही?"

"मी मुक्कामाला हाय. एकटीला कसं सोडावं आज?"

गणिताची खोड काही जात नाही. मी म्हणालो, "अहो, पण त्यांच्या आईला जाऊन दोन महिने झाले."

"तुमचे महिने तुमच्याकडं ठेवा, सर," ती म्हणाली. "बाईच्या घरी दुखवट्याचा पहिला दिवस आजच हाय. जाता जाता आमच्याकडं तेवढं सांगा प्रतीक्षाला. म्हनावं, आई बाईपाशी हाय, चूल तू बघ."

मी निरोप घेऊन निघालो.