राऊत सरांचं मौन

तुळिंजला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला मी शाळेतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. गुरुजी होम पेटवत होते. लाकडं ओली होती की गुरुजींचा हात जड होता देव जाणे, नुसता धूर. आम्ही नवरा-बायको पाटावर बसून डोळे पुसत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी काय बोलत नाय, पन लाकडं उभी लावा, गुरुजी. खालनं हवा जाऊ द्या."

गुरुजींनी मंत्र थांबवला. "यजमान, हे कोण?"

"आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर," मी म्हटलं.

गुरुजींनी नाइलाजाने लाकडं उभी केली आणि होम असा काही पेटला की सासूबाई पदर आवरत मागे सरकल्या. कौतुक करावं म्हणून मी वळून पाहिलं, तर राऊत सर जागेवर नव्हते. ते स्वयंपाकघरात आचाऱ्याच्या मागे उभे होते. "मी काय बोलत नाय, पन तेल अजून तापलं नाय तुमचं."

तर असे हे आमचे राऊत सर. सहा फूट उंच, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर, आणि तोंडात अखंड सूचना. "मी काय बोलत नाय" असं म्हणून ते जे बोलायला लागतात, ते समोरचा काम सोडून पळेपर्यंत. शाळेत नवा फळा बसवायला सुतार आला, तर संध्याकाळी सुतार म्हणाला, "मॅडम, मजुरी नाय दिली तरी चालेल, पण उद्या त्या सरांना सुट्टी द्या." न्हावी, गवंडी, केळवणात पंगत वाढणाऱ्या बायका, कुणीही सुटलेलं नाही.

एकदा आम्ही मुलांची सहल घेऊन अर्नाळ्याला गेलो होतो. किनाऱ्यावर कोळी मंडळी होडी वाळूत ओढत होती. सरांनी चप्पल काढली, हात मागे बांधले आणि सुरू केलं, "मी काय बोलत नाय, पन पुढचा ओंडका जरा तिरका घ्या." एका मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं. "मास्तर, तोंड लय चालतंय तुमचं. आता हात चालवा." सरांनी होडी ओढली. दुसऱ्या दिवशी कंबर धरून वर्गावर आले आणि ओंडका तिरका घेतल्यावर कसा फरक पडला ते मलाच समजावून सांगायला लागले.

गंमत अशी की सरांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं. त्यामुळे तर माणूस जास्त चिडतो.

पण गेल्या वर्षी हे बरोबर असणंच नडलं. आमच्या जिल्ह्यात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दर वर्षी यंत्रं बनवायची स्पर्धा असते. विरारला एका कॉलेजच्या सभागृहात भरते. खालच्या टबातलं पाणी वरच्या टबात चढवायचं. सुटे भाग घरून आणायचे, जोडणी मात्र तिथेच, सगळ्यांसमोर. ज्यांचं पाणी जास्त चढेल ते राज्याच्या फेरीला जाणार. आणि एक नियम: जोडणी सुरू झाली की शिक्षकांनी तोंडातून शब्द काढायचा नाही, मुलांना खूणही करायची नाही.

हा नियम ज्याने केला त्याने राऊत सरांना पाहिलं नव्हतं.

आमची तीन मुलं होती: सातवीतली सायली, तिच्याच वर्गातली जॉयस आणि यश. सायली म्हणजे हाडं आणि डोळे, बाकी काही नाही. पण हातात पाना दिला की कारखान्यातल्या मोठ्या माणसासारखी गंभीर होते. वाडीतल्या विहिरींवर पूर्वी रहाट असायचे, तसा छोटा रहाट त्यांनी केला होता. लहान मुलाच्या सायकलचं चाक, त्याला बांधलेल्या औषधाच्या कापलेल्या बाटल्या, आणि फिरवायला बॅटरीवरची मोटर. चाक सुरू केलं आणि ते उलटं फिरायला लागलं. बाटल्या वर येत होत्या त्या रिकाम्या.

"वायरी उलट्या लाव गं!" सभागृहाच्या मधोमध राऊत सर उभे राहून ओरडले. त्या दिवशी तर "मी काय बोलत नाय" म्हणायलाही त्यांना वेळ झाला नाही. परीक्षक बाईंनी शिट्टी वाजवली आणि आमचा संघ बाद केला.

सामान आवरताना सायली रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, माझा हात वायरवरच होता."

सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यांना गप्प झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती.

या वर्षी सायली आठवीत गेली. पुढच्या वर्षी नववी, म्हणजे स्पर्धा संपली. त्यामुळे तिने या वर्षी राज्यावर जायचंच असं मनावर घेतलं होतं. एके दिवशी मधल्या सुट्टीत तिघंही माझ्याकडे आली. मी मराठी शिकवते, यंत्रांशी माझा संबंध मिक्सरपुरता. पण काम मराठीचंच निघालं.

"मॅडम, सरांना सांगाल का," सायली पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत म्हणाली, "की या वर्षी स्पर्धेला येऊ नका?"

"तुम्हीच सांगा की."

"आम्ही कसं बोलणार? सर आहेत ते. वाईट वाटेल ना त्यांना."

मला मात्र हे सांगताना वाईट वाटणार नाही असं मुलांचं पक्कं मत होतं. शेवटी मी स्टाफरूममध्ये सरांसमोर चहा ठेवला आणि सांगून टाकलं. सर बराच वेळ टेस्टरची टोपी काढत आणि लावत बसले.

"बरोबर हाय पोरांचं," ते म्हणाले. "पन मॅडम, मला यायचंय. मी गप बसायची प्रॅक्टिस करीन. पोरांना माझी परीक्षा घेऊ द्या."

आणि मुलांनी खरंच परीक्षा घेतली हो! शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत सरांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मुद्दाम चुकीची जोडणी सुरू केली. जॉयसने बाटल्या पालथ्या बांधल्या. सर गप्प. सायलीने बॅटरीच्या वायरी मोटरऐवजी टेबलाच्या खिळ्याला गुंडाळल्या. सरांच्या कपाळावर घाम आला, पण गप्प. मग यशने एक स्क्रू घेतला आणि हातोडीने ठोकायला सुरुवात केली.

"अरे स्क्रू हाय तो, गाढवा!"

"सर, नापास," सायली म्हणाली.

सरांनी फेरपरीक्षा मागून घेतली. मधले दिवस ते स्टाफरूममध्ये मौन पाळायचे. शिपाई भिंतीवरची तसबीर वाकडी लावत होता तेव्हा सर उठून पटांगणाला फेरी मारून आले. मुख्याध्यापिका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सरांच्या घरी काही झालंय का?" फेरपरीक्षेत यशने तीन स्क्रू ठोकले. सर खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले आणि काठावर पास झाले.

स्पर्धेच्या दिवशी आणखी सावधगिरी म्हणून त्यांनी सुकेळ्यांची पुडी आणली होती. सुकेळी म्हणजे आमच्या वसईकडची उन्हात वाळवलेली राजेळी केळी. गोड आणि चिवट. तोंडभर सुकेळी भरली की माणसाला "हं" म्हणणंही कठीण जातं. जोडणीची शिट्टी झाली, सरांनी दोन सुकेळी एकदम तोंडात कोंबली आणि मला खुणेनेच शेजारची खुर्ची दाखवली. पहारेकरी म्हणून माझी नेमणूक झाली होती.

गेल्या वर्षीच्याच परीक्षक बाई होत्या. त्यांचा एक डोळा मुलांवर आणि एक राऊत सरांवर.

बाकीच्या शाळांची मुलं एकसारखे टी-शर्ट घालून आली होती. त्यांच्याकडे विकतचे चकचकीत पंप होते. आमचा रहाट त्यांच्यात गरीब पाहुण्यासारखा दिसत होता. पण सुरू झाला आणि काय सांगू! चाक बरोबर दिशेने फिरत होतं, बाटल्या तळाशी जाऊन भरून येत होत्या आणि वरच्या टबात धो धो रिकाम्या होत होत्या. शेजारच्या पंपात हवा शिरली तशी तिथली मुलं आमच्याकडेच बघायला लागली. मी खुर्चीच्या टोकावर येऊन बसले.

आणि मग टेबल ओलं झालं. सांडलेल्या पाण्यावरून रहाटाचा लाकडी सांगाडा घसरायला लागला. मोटरचा पट्टा ढिला पडला, चाक मंदावलं. जॉयसने सांगाडा हाताने धरला, तर परीक्षक बाई म्हणाल्या, "यंत्राला हात लावून ठेवायचा नाही." हात काढला की सांगाडा पुन्हा सरकायचा.

सरांना उपाय दिसत होता. मला कळत होतं ना! त्यांनी माझं मनगट असं आवळलं की माझ्या दोन बांगड्या तिथेच फुटल्या. तोंडात सुकेळी, डोळे बाहेर आलेले, मान लाल. आणि नेमकं तेव्हा सायलीने मान वर करून थेट सरांकडे पाहिलं. परीक्षक बाईंनी शिट्टी ओठांपाशी नेली.

नुसती भुवई हलवली असती तरी पोरीला कळलं असतं. सर उठून उभे राहिले. मी मनात म्हटलं, संपलं. पण त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि मुलांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले.

सायली त्या पाठीकडे क्षणभर बघत राहिली. मग खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"ही काय करतेय?" परीक्षक बाई म्हणाल्या.

सायलीने दोन्ही मोजे काढले, पिळून घट्ट केले आणि सांगाड्याच्या दोन पायांखाली सरकवले. सांगाडा जागच्या जागी थांबला.

"बाहेरची वस्तू वापरता येणार नाही," बाई म्हणाल्या.

"बाहेरची नाही मॅडम, घरूनच आणलीये," सायली म्हणाली. "पायात घालून."

तिन्ही परीक्षक एकमेकांच्या कानाला लागले. एक वयस्कर परीक्षक हसायलाच लागले आणि त्यांनी हाताने "चालू द्या" म्हणून सांगितलं. जॉयसने पट्टा ताणून बसवला, यशने बटण दाबलं आणि चाक असं सुटलं की पुढच्या रांगेतल्या पालकांवर पाणी उडालं.

सर भिंतीकडेच तोंड करून बसले होते. मला भुवयांनी विचारत होते.

"पडतंय पाणी," मी म्हटलं. "धो धो पडतंय, सर."

त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलेलं मी पाहिलं, आणि सुकेळी चघळताना डोळ्यांत पाणी येत नाही एवढं मलाही कळतं.

वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा आमचा वरचा टब काठोकाठ भरून सांडत होता. पहिला नंबर! आमच्या शाळेचं नाव माईकवरून पुकारलं, मी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या, आमच्या मुलांनी ढाल डोक्यावर घेऊन सभागृहाला फेरी मारली. चिवट सुकेळ्यांमुळे सरांना ओरडता येत नव्हतं, म्हणून ते नुसते नाचत होते. सहा फुटी माणूस नाचतो तेव्हा आजूबाजूचे जागा करून देतात.

बाहेर आल्यावर, तोंड मोकळं झालं तसं सर म्हणाले, "चला, सगळी माझ्या घरी चला. हिला सांगायचंय."

इतक्या वर्षांत सरांच्या घरी मी कधी गेले नव्हते. मिसेसची तब्येत बरी नसते एवढंच ते म्हणायचे. सगळ्या जगाविषयी बोलणारा हा माणूस घराविषयी मात्र चकार शब्द काढत नसे. आम्ही दोन रिक्षा करून खाडीकडच्या त्यांच्या गावात पोचलो. केळींच्या मागे कौलारू घर, ओटीवर खुर्ची, आणि खुर्चीत राऊत काकू बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निपचित. शेजारची बाई त्यांच्यापाशी बसली होती, ती आम्हाला बघून उठली आणि माझ्या कानात म्हणाली, "झटका आला होता ओ, लय वर्सं झाली. तवापासून बोलनं गेलं."

"आलो गं," सर म्हणाले. "ही सायली, ही जॉयस, हा यश, आनि या मॅडम. मी पाय धुतो हां आधी. पानी गार हाय आज. पंखा जरा कमी करतो, तुला हवा लागतेय. आता पोरांना सरबत करतो, लिंबं दोन हायत, पुरतील."

ते घरभर फिरत होते आणि प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगत होते. काकू त्या आवाजाच्या मागे मागे मान वळवत होत्या. मला एकदम सगळं उमगलं. हा माणूस घरी दोघांचं बोलत होता, आणि बोलायची तीच सवय खिशातल्या टेस्टरसारखी बरोबर घेऊन जगभर हिंडत होता.

सरबत झाल्यावर सरांनी काकूंसमोर पाट घेतला आणि सगळी स्पर्धा पहिल्यापासून सांगायला घेतली. पंप, टी-शर्ट, शिट्टीवाल्या बाई, घसरलेला सांगाडा. "तवा मी काय केलं, खुर्ची फिरवली," ते म्हणाले आणि थांबले.

"पुढचं मी बघितलंच नाय गं," ते म्हणाले. "सायली, तू सांग. मला बी आयकायचंय."

सर पाटावरून उठून पायरीवर जाऊन बसले. सायली आधी लाजली. मग तिने हातवारे करत, बाईंची नक्कल करत, उठून मोजे काढून दाखवल्यासारखं करत सगळं सांगितलं. सर गुडघ्यांवर कोपरं टेकून ऐकत होते. एकदाही मध्ये बोलले नाहीत, आणि या वेळी त्यांच्या तोंडात काहीच नव्हतं. "पायात घालून" हे आलं तेव्हा काकूंच्या घशातून मोठ्याने हसू फुटलं. अर्धंच तोंड हसलं, पण पुरतं हसलं.

मग काकूंची नजर सायलीच्या पायांवर गेली. बूट दाराशी काढलेले, पाय उघडे, अजून ओलसर. काकूंनी डावा हात उचलून घरात बोट दाखवलं. सरांनी काही विचारलं नाही. ते आत गेले आणि थंडीत घालायचे आपले लोकरीचे मोजे घेऊन आले.

सायलीने ते ओटीवरच बसून चढवले. गुडघ्यापर्यंत आले तिला. काकू तिच्याकडे बघत राहिल्या आणि सर काकूंकडे.