दुधाच्या चकत्या

सबनीसकाकांच्या हातात जुगाराची चकती पडली की ते ती आधी अंगठ्याने खसाखसा घासतात आणि मग डोळे मिटून हुंगतात. जर्मनीतल्या बाडेन-बाडेनच्या कसिनोत हा प्रयोग मी प्रत्यक्ष पाहिलाय. कोट, टाय, दहा युरोच्या चकत्या आणि रूलेटच्या टेबलाशी उभं राहून दीर्घ श्वास. शेजारची बाई पर्स आवळून दोन पावलं मागे सरकली. काका खेळत मात्र नाहीत. "चकती डावावर लावायची? म्हणजे पैठणीनं फरशी पुसायची."

लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यात या माणसाची उभी हयात गेली. हल्लीच्या चकत्यांना ते 'बादलीचं प्लास्टिक' म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी इथे दुधापासून चकत्या बनत, हे तुम्हाला ठाऊक होतं? मलाही नव्हतं; काकांनी सांगितलं. "आल्झो, तर बघ, दूध फाडायचं, चोथा दाबायचा, फॉर्मालिनमध्ये महिनोन् महिने मुरवायचा, मग पॉलिश. श्रीखंडाची थोरली बहीणच की." त्याआधी चीनमधून शिंपल्याच्या कोरीव चकत्या येत, माशाच्या आकाराच्या. पण दुधाच्या चकतीसारखा शिंपल्याला घासून वास येत नाही, म्हणून काकांच्या लेखी त्या गौण.

तीस वर्षं जुन्या बाजारांत फिरून त्यांनी एकाच कसिनोच्या चाळीस दुधाच्या चकत्या जमवल्या. हिल्डेकाकू, त्यांची जर्मन बायको, या नादावर वैतागायच्या. त्या वारल्या, त्यानंतर घरात काका आणि चकत्या. दोन हजार पंधरा सालच्या उन्हाळ्यात एका म्युझियमने हा संच मांडायचं ठरवलं. गुरुवारी न्यायला येणार होते. काचेखाली काकांच्या नावाची पाटी लागणार होती. तिचा मजकूर त्यांनी मला तीनदा वाचून दाखवला.

त्याआधीच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. सांगलीहून आलेली माझी आई सोबत होती. चकत्यांसाठी मखमली पेटी शोधायला काका मला घेऊन तळघरात उतरले. तासाभराने वर आलो तर घरभर तापल्या दुधाचा वास. ओट्यावर पातेलं, पातेल्यात कढत पाणी, वर साबणाचा फेस आणि तळाशी तीस वर्षं.

"जेवायच्या टेबलावर मांडलेल्या," आई म्हणाली. "कुठल्या कुठल्या जुगाऱ्यांचे हात लागलेले. धुऊन टाकल्या, भाऊ."

टॉवेलवर वाळता वाळता चकत्या पापडासारख्या वाकल्या. मी जमीन दुभंगायची वाट पाहत उभा. काकांनी फक्त पाणी किती गरम होतं ते विचारलं. चांगलं कढत होतं, असं आईने अभिमानाने सांगितलं. "गेनाऊ, बरोबर," म्हणत काका पानावर बसले. भात दोनदा घेतला.

निघताना जिन्यात मी माफी मागायला लागलो. गुरुवारी त्या लोकांना काय सांगणार, विचारलं.

"सांगेन, घरात धुणं निघालं होतं." मग त्यांनी कठडा धरला. "अरे, हिल्डे गेल्यापासून मला न विचारता या घरातली एकही वस्तू कुणी धुतली नव्हती."

सोमवारी सकाळी आईला त्यांचा फोन. पडदे फार मळलेत म्हणाले, वहिनींनी एकदा येऊन बघावेत.