वीस म्हणजे वीस

बोरोले भाऊजी आमच्याकडे बर्फ मागायला येतात तेव्हा हातात थर्मामीटर असतो.

"वहिनी, दोन ट्रे द्या. नळाला अडतीस आलंय."

जयपूरचा जून हो. टाकीच्या पाण्यात नुसती पत्ती टाकावी आणि चहा गाळावा. आणि भाऊजींना फोटोचा रोल धुवायला पाणी हवं वीस डिग्रीचं. रेल्वेत गार्ड होते, भुसावळहून बदलून आले ते इथेच, जवाहर नगरात आमच्या शेजारी राहिले. रिटायर झाल्यापासून बाथरूम म्हणजे त्यांचा कारखाना. दाराला घोंगडी लावून अंधारात रोल डब्यात भरायचा, मग डबा स्वयंपाकघरात आणून त्यात औषध ओतायचं आणि दर मिनिटाला उलटासुलटा करायचा. पाहुण्यांना पाण्याआधी तंबी मिळते, "निळ्या बाटलीला हात लावू नका."

मी एकदा म्हटलं, "बावीस चालेल की."

"वीस म्हणजे वीस. लाल सिग्नल थोडासा हिरवा असतो का कधी?"

त्यांचे स्वतःचे फोटो मात्र कमलताई काढायच्या, म्हणजे त्यांची बायको. सूर्य पाठीशी ठेव, असं भाऊजींनीच शिकवलेलं. ती बाई एवढी आज्ञाधारक, की प्रत्येक फोटोत तिची सावली यांच्या पायाशी. डोक्यावर पदर, दोन्ही कोपरं वर.

"कमल, सावली काढ."

"मग ऊनही काढू का?"

दोन वर्षांपूर्वी कमलताई गेल्या. त्यांनी काढलेला शेवटचा रोल भाऊजींनी श्रीखंडाच्या डब्यात घालून आमच्या फ्रिजमध्ये ठेवला. धुवायचं विचारलं की म्हणायचे, "पाणी गरम आहे." डिसेंबरात विचारलं तर म्हणाले, "गार आहे." आता गॅस काय मी विझवून ठेवला होता?

यंदा जूनमध्ये फ्रिजच बसला. मेकॅनिक भैया म्हणाला, "माताजी, तीन दिन तो लगेंगे." मी डबा नेऊन दिला. भाऊजी त्याच्याकडे बघतच राहिले.

"या उकाड्यात टिकायचा नाही हा. आजच धुवायला हवा."

स्कूटर काढून लस्सीवाल्याकडून गोणपाटात बर्फाची लादी आणली. अर्धी रस्त्यालाच पाजली. उरलेल्या बर्फात औषधाच्या बाटल्या बुडवून थर्मामीटर घातला, काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बावीस," म्हणाले. बर्फ संपला होता.

मी रिकामं गोणपाट पिळून बाजूला ठेवलं.

"चालेल," तेच म्हणाले. "वहिनी, मिनिटं मोजाल? कमल मोजायची."

मी स्टुलावर बसून मोजली.

शेवटी ओली फिल्म कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर लटकली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, भाऊजींच्या पांढऱ्या मिशा काळ्याभोर. अर्ध्या फोटोंत डोकं कापलेलं. आणि पायाशी ती सावली, उजळ, पांढरी. पदर, दोन कोपरं.

भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक चौकट बोटाने मोजत दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

"छत्तीसच्या छत्तीस," म्हणाले. "एकदाही ऐकलं नाही माझं."