मावशींचं फ्रान्समधलं मराठी

लंडनजवळच्या इल्फर्डच्या निंबकर मावशी फ्रान्समध्ये मराठी बोलतात. चुकून नव्हे, ठरवून. इंग्रजी त्यांना उत्तम येतं. सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये झाली, आणि आमच्या रस्त्यावरच्या पार्किंगबद्दल त्या कौन्सिलला फोन करतात तेव्हा पलीकडचा माणूस आपोआप 'मॅडम' म्हणायला लागतो. पण फ्रान्सच्या कॅले बंदरात बोटीतून उतरलं की इंग्रजी बंद.

"फ्रेंच माणसाशी इंग्रजी बोललास की त्याच्या कपाळाला आठी पडलीच," त्यांनी मला समजावलं. "मराठीबद्दल त्यांचं अजून काही वाईट मत झालेलं नाही."

मी तेव्हा पुण्याहून कंपनीच्या कामाला आलो होतो आणि मावशींच्या शेजारी भाड्याने राहत होतो. माझ्याकडे गाडी होती, मावशींकडे जुन्या बाजाराचं वेड. उत्तर फ्रान्समधल्या लहान गावांत उन्हाळ्यातल्या रविवारी लोक घरातली अडगळ रस्त्यावर मांडून विकतात. माझा भारतीय पासपोर्ट, त्यामुळे व्हिसा आला. लोक आयफेल टॉवर बघायला व्हिसा काढतात, मी भंगार बघायला काढला.

मावशींचे नियम कडक. दव वाळायच्या आत पोचायचं. सुटी नाणी न्यायची, मोठी नोट दिसली की भाव चढतो. आणि जे हवं त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. तांब्याचं पातेलं हवं असेल तर आधी शेजारची फुलदाणी उचलायची, तिला भरपूर नावं ठेवायची आणि जाता जाता पातेल्याची चौकशी करायची. पर्समध्ये एका डबीत चिंच असे. काळवंडलेलं पितळ दिसलं की मावशी चिंच काढून भांड्याच्या बुडाला घासत. एका विक्रेतीला वाटलं, पाहुणचार चाललाय. तिने डबीतली चिंच तोंडात टाकली आणि असा काही चेहरा केला, की त्या दिवशी घासाघीस राहूनच गेली.

एरवी ती रंगत असे. "अहो, हा बघा पोचा! एवढ्याला कुणी घेईल का? तुम्हीच सांगा!" समोरचा तितक्याच पोटतिडकीने फ्रेंचमध्ये काहीतरी सांगे. दोघांचं जमायचं कसं, देव जाणे. पण जमायचं.

त्या वर्षी मात्र मावशींना एकच वस्तू हवी होती. पुरणयंत्र. मला आधी हसू आलं. पण फ्रेंच बायका उकडलेले बटाटे नि भाज्या गाळायला थेट तसंच यंत्र वापरतात. खाली जाळी, वर फिरवायचा दांडा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मावशी भर बाजारात ओरडल्या होत्या, "अगं बाई! इथे कोण मराठी राहतंय?"

त्यांचं स्वतःचं यंत्र गेलं होतं. निंबकर काका वारले, तेव्हा लीड्सहून मुलगा आला, "मम, यू डोन्ट नीड ऑल धिस," म्हणाला, आणि दोन दिवसांत घर आवरून सगळं चॅरिटी शॉपमध्ये देऊन आला. हेतू चांगलाच होता त्याचा. आता काकांचं वर्षश्राद्ध आलं होतं आणि निंबकरांकडे श्राद्धाला पुरण लागतं.

"मावशी, लेस्टरच्या भारतीय दुकानांत नवंकोरं मिळतं," मी म्हणालो. "मी आणून देतो की."

"नवं नको."

"का पण?"

"नको म्हटलं ना!"

मिळालेलं प्रत्येक यंत्र त्या नापास करत. याचा दांडा आखूड, त्याची जाळी बारीक. त्यांच्या पुरणाचं होणार कसं, याची मलाच काळजी लागली होती.

मग एका गावात एका म्हाताऱ्याच्या टेबलावर यंत्र दिसलं. मावशींनी नियमाप्रमाणे शेजारची किसणी उचलली, तिला नावं ठेवली आणि यंत्राकडे बोट केलं. ते चालतं हे दाखवायला म्हाताऱ्याने डाव्या हाताने कड धरली आणि दांडा फिरवायला घेतला. सावकाश. मधेच एक उलटा फेरा, जाळीत अडकलेलं सुटावं म्हणून.

मावशी बघत राहिल्या. चिंचेची डबी काही त्यांनी काढली नाही.

"मी कधी फिरवलंच नाही हो," त्या म्हणाल्या. आवाज घासाघिशीचा नव्हता. "आमच्याकडे ते ह्यांचं काम. मी डाळ घालायची, ह्यांनी फिरवायचं. मधे असाच उलटा फेरा द्यायचे. आता यंत्र नेईन, पण फिरवणार कोण? मुलाला सांगितलं असतं. पण मराठीत त्याला कळत नाही, आणि इंग्रजीत हे मला सांगता येत नाही."

मी पिशव्या घेऊन मागे उभा होतो. मला मराठी येत होतं. वर्षभर आमच्या भिंतीला भिंत होती, आणि माझ्यापाशी त्या यातलं एक अक्षर बोलल्या नव्हत्या. वाईट वाटलं मला. मग वाटलं, समोरच्याला कळत नाही म्हणूनच त्यांना बोलता आलं असेल.

म्हाताऱ्याला शब्द कळले नसणार. त्याचा हात मात्र थांबला होता.

"थांबू नका हो," मावशी म्हणाल्या. "अजून थोडं फिरवा."

त्याने पुन्हा दांडा धरला. मावशींनी मूठ त्या रिकाम्या यंत्रावर नेली आणि डाळ सोडावी तशी उघडली.